सोसायटी गार्लिकला (लसणासारख्या वासाचं, जांभळ्या फुलांचं शोभेचं झाड) नुसती पातच येते, फुलं का येत नाहीत? आणि लसणाचा वास कमी करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की पूर्वेच्या बाल्कनीत मोठी कुंडी आहे, रोज पाणी, दर पंधरा दिवसांनी खत. अहो, एवढे लाड केल्यावर ते पातच काढणार ना! सहा तास कडक ऊन द्या, खत बंद करा, वरची माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका. कुंडीही लहान घ्या, दाटीत बरं फुलतं ते. झालं.

आता वासाचं. यावर माझं जुनं दुखणं आहे त्यामुळे लांबण लागेल.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं जोहान्सबर्गला होतो. हे झाड मूळचं तिकडचंच, ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताळ भागातलं. तिकडे त्याचं कुणाला कौतुक नाही, रस्त्याच्या दुभाजकात, पेट्रोल पंपाच्या कडेला, पार्किंगमध्ये, जिथे दुसरं काही टिकत नाही तिथे हे लावून मोकळे होतात. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी, तेव्हापासून पुढे एप्रिलपर्यंत नुसते जांभळे झुबके. झुलू लोक साप येऊ नये म्हणून घराभोवती लावतात (साप खरंच येत नाही का ते मला विचारू नका, मी फ्लॅटमध्ये राहायचे).

पुण्यात परत आले आणि एका नर्सरीत 'जांभळी लिली' म्हणून तेच दिसलं, त्या माणसाला लसणाचं काही माहीतच नव्हतं. मी स्वतःच्या पैशाने साठ रोपं आणून आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून पार्किंगपर्यंतच्या पट्ट्यात लावली. दोन वर्षं सुंदर फुलली, लोक फोटो काढायचे, वासाबद्दल एका माणसाने चकार शब्द काढला नाही. कारण पान चुरगळल्याशिवाय ते फारसं घमघमतच नाही.

मग नवीन माळी आला. त्याला वाटलं गवत वाढलंय, त्याने सगळ्या पट्ट्यावरून मशीन फिरवलं. आणि दिवस कुठला, तर आषाढी एकादशी! कांदेनवमी होऊन दोन दिवस झालेले, अर्ध्या बिल्डिंगचा चातुर्मास सुरू, घराघरात साबुदाणा, आणि खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत लसणाची फोडणी दिल्यासारखा भपकारा. दोन घरं एकमेकांवर संशय घेऊन बसली, त्यांच्यात आठवडाभर बोलणं नव्हतं. शेवटी सेक्रेटरींनी शोध लावला की दोषी मी.

मीटिंगमध्ये मी सांगितलं की वास झाडाचा नाही, मशीनचा. हेही सांगितलं की हे खाल्ल्यावर तोंडाला लसणासारखा वास येत नाही, चार प्रतिष्ठित लोकांत बसता येतं, म्हणून इंग्रजीत त्याला सोसायटी गार्लिक म्हणतात अशी गोष्ट आहे. तर सेक्रेटरी म्हणे, "मग दुसऱ्या सोसायटीत लावा." सगळे हसले. साठच्या साठ उपटली आणि तिथे ड्युरांटा (कुंपणाचं झुडूप) लावला, जो दर महिन्याला छाटावा लागतो आणि ज्याच्या छाटणीचे पैसे मीसुद्धा भरते.

तर तुमचा प्रश्न. वास कमी करता येत नाही, पण उठू न देणं हातात आहे. येण्याजाण्याच्या वाटेत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली कुंडी ठेवू नका, वाळलेली पात कात्रीने कापू नका, बुंध्याशी धरून अलगद ओढली की निघते. दोन-तीन वर्षांनी कुंडी गच्च भरली की गड्डा बाहेर काढून हाताने फोडा, एकाची पाच-सहा रोपं होतात. ते काम मात्र घरात करू नका आणि चातुर्मासात तर नकोच नको. पावसाळ्यात पाणी साचलं तर कंद सडतात, मातीत वाळू हवीच.

एक राहिलंच, तुमच्याकडे अजून एकदाही फूल आलं नाही म्हणताय, तर ते नक्की हेच आहे का बघा. कळी येऊन पांढऱ्या चांदण्या फुलल्या तर ते गार्लिक चाइव्ह्ज, म्हणजे आपल्या कांद्या-लसणाच्या घरातलं. सोसायटी गार्लिकचं फूल जांभळटच, पांढरं क्वचित. सोसायटी गार्लिकही पातीसारखं खातात, मी आमटीवर चार पानं चिरून घालते, पण जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, तेव्हा मूठभर पात फोडणीला टाकू नका. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर.

आणि शेजारचं कुणी तक्रार घेऊन आलंच, तर खत-पाण्याचं बोलत बसू नका. आधी एवढंच विचारा की पान चुरगळलं कोणी? मी त्या मीटिंगमध्ये हे लेखी मागायला हवं होतं.