वाचकांचे प्रश्न : लाकडी प्रतिकृतींना जुनेपण कसे आणावे?

प्रश्न : माथेरानच्या गाडीवर बेतलेल्या माझ्या १:८७ प्रमाणाच्या रेल्वे-मांडणीसाठी मी बाल्सा लाकडाचे मालाचे गोदाम तयार केले. लोखंडी चुका व्हिनेगरमध्ये मुरवून ते पाणी लावल्यास लाकूड जुने दिसते, असे वाचले होते. परंतु भिंतींवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. मग पाण्यात काळा रंग कालवून लावला, तर फळ्या वाकल्या, सांध्यांपाशी फिकट डाग राहिले आणि सगळे गोदाम एकसारखे मळकट दिसू लागले. काय करावे? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : व्हिनेगरात विरघळलेले लोखंड लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग पावते, तेव्हाच काळसर करडी छटा येते. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असते, म्हणून ती कातडे कमावण्यासाठी वापरतात. बाल्सात मात्र ते फारच थोडे. त्यामुळे आधी कडक कोरा चहा लावून लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि मगच हे पाणी द्यावे. रंग काही तासांत गडद होत जातो, तेव्हा पहिला हात पातळच असावा. स्टेनलेस स्टीलची घासणी यासाठी निरुपयोगी. साधे, गंजणारे लोखंडच हवे. या प्रक्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बरणीचे झाकण कधीही घट्ट लावू नये.

फिकट डाग गोंदाचे आहेत. गोंद लागलेल्या जागी लाकूड रंग पीत नाही, म्हणून फळ्या आधी रंगवाव्यात आणि नंतर जोडाव्यात. फळी वाकते ती एकाच बाजूने पाणी प्याल्यामुळे. पाव लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चहाचा एक चमचा वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक मिसळून ते दोन्ही बाजूंना लावावे. अल्कोहोल लवकर उडून जात असल्याने फळी कमी फुगते. हे काम खिडकी उघडी ठेवून, शेगडी आणि देवघरातील निरांजन यांपासून दूर करावे. फाउंटन पेनची साधी शाई वापरू नये, कारण ती उजेडात फिकी पडते. मुंबईच्या पावसाळ्यातील दमट हवेत रंगवलेल्या भिंतीही नंतर वाकू शकतात, तेव्हा आतल्या बाजूने, लाकडाच्या रेषांना आडव्या, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिकटवणे इष्ट.

आता एकसारख्या मळकटपणाविषयी. माझ्या मते हा दोष रंगाचा नसून, पाणी कोठून येते आणि कोठे जाते याचा विचार रंगाआधी न झाल्याचा आहे. उन्हाने लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि पृष्ठभागावर करडे तंतू उरतात. पण छपराच्या वळचणीखाली ऊन-पाऊस दोन्ही कमी पोहोचत असल्याने तेथील फळीचा मूळ तपकिरी रंग बराच काळ टिकतो. म्हणून भिंत वरच्या बाजूला उबदार तपकिरी ठेवून खाली हळूहळू करडी करत न्यावी. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा मांडणीतील दिशा आधी ठरवून त्या बाजूची भिंत अधिक जर्जर करावी. खिळ्यांखाली एखाद-दुसरी काळी ओघळ पुरे. प्रत्येक खिळ्याखाली ती काढली की भिंत नक्षीदार दिसू लागते.

माथेरानची खरी खूण तांबडी माती आहे. छपरावरून पडणारे पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडते, आणि हे शिंतोडे अर्धा मीटर उंचीपर्यंत धरले, तर १:८७ मध्ये ती पट्टी जेमतेम सहा मिलिमीटर भरते. तांबड्या पेस्टल खडूची पूड कोरड्या ब्रशने खालून वर थापावी, कड सरळ रेषेत येऊ देऊ नये आणि दरवाजापाशी ती थोडी पुसट करावी, कारण तेथे माणसांची आणि पोत्यांची ये-जा असते. शेवाळ दाखवायचे असल्यास आधी ऋतू ठरवावा : श्रावणात ते हिरवे असते, वैशाखात वाळून काळे पडते. दोन्ही एकाच भिंतीवर नकोत.

पितळी ब्रशने लाकडाच्या रेषा उमटवताना हात अगदी हलका ठेवावा, कारण बाल्सा मऊ असते आणि एक मिलिमीटरची खाच प्रत्यक्षात जवळपास नऊ सेंटिमीटर खोल ठरते.

वाकलेल्या भिंतींच्या मागील बाजूस अल्कोहोल लावून त्या काचेवर वजनाखाली रात्रभर ठेवून पाहाव्यात. गोंदाचे डाग पडलेल्या फळ्या मात्र काढून नव्या बसवणेच सोपे जाईल.