सिग्नलला उभ्या ट्रकच्या बाजूने सायकल पुढे काढली तर चालते का?

नका काढू, खास करून फूटपाथच्या बाजूने तर अजिबात नाही. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो त्यामुळे केबिनच्या अगदी पुढे आणि दाराला लागून जो पट्टा असतो तो त्याला थेट दिसतच नाही, आरशात दिसलं तरी तेवढ्या दोन सेकंदात तो नेमका दुसऱ्या आरशात बघत असेल तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच आहात.

आणि खरा घोळ वळताना होतो. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतून कापत येतात, म्हणून ड्रायव्हर आधी गाडी उलट्या बाजूला घेतो आणि मग वळतो. सायकलवाल्याला वाटतं अरे वा जागा झाली, घुसतो, आणि तीच जागा मागून बंद होते.

सोपी खूण म्हणजे त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. दिसला म्हणजे त्याने बघितलंच असंही नाही हां. त्यापेक्षा मागेच थांबा, थोडं अंतर ठेवून लेनच्या मधोमध.

सगळा दोष सायकलवाल्यांचाच असंही नाही, केबिनचं डिझाइनच तसं आहे. लंडनमध्ये 12 टनांवरच्या ट्रकना केबिनमधून थेट किती दिसतं त्यावर 0 ते 5 स्टार देतात, स्टार कमी असतील तर कॅमेरे-सेन्सर बसवावे लागतात. ओव्हरटेक करताना सायकलला मोकळी जागा सोडणं हे मात्र ड्रायव्हरचंच काम, तिथे कॅमेरा काय करणार.