कथालेखन शिकवायला लागलं की स्वतःचं लिहिणं थांबतं का?

तुम्ही विचारलंय, दोन कथासंग्रह नावावर आहेत, नोकरी सोडून कथालेखनाचे वर्ग घेतले तर घर चालेल का आणि लिहिणं टिकेल का. लिहिणं टिकतं, पण वेळेचा हिशोब वर्गाच्या तासांवर करू नका. खरं काम घरी असतं, विद्यार्थ्यांच्या कथा वाचण्याचं.

८ आठवड्यांचा वर्ग धरा. आठवड्याला २ तास, १० जण, प्रत्येकाच्या दोन कथा, प्रत्येकी ३,००० शब्दांच्या. म्हणजे ६०,००० शब्द, एक अख्खी कादंबरी. प्रत्येक कथा आधी हातात पेन्सिल न घेता वाचायची, मग पेन्सिल घेऊन, मग अर्धं पान टिपण लिहायचं. यात दीड तास सहज जातो. २० कथांचे ३० तास, वर्गाचे १६. फी १६ तासांवर ठरवलीत तर जवळपास तिप्पट काम त्याच पैशात करता. दहाच्या वर माणसं घेऊ नका, मागणी असली तरी.

अमेरिकेत आयोवाला १९३६ साली सुरू झालेल्या कार्यशाळेची पद्धत सगळीकडे गेली आहे: कथा आधी वाटायची, वर्गात बाकीचे बोलतात, लेखक गप्प बसतो. यात बिघडतं ते असं, की लेखक नऊच्या नऊ जणांचं ऐकून कथा दुरुस्त करतो आणि ती सपाट होते. म्हणून पहिली दहा मिनिटं 'आवडली, नाही आवडली' बंद ठेवा. कथा कोणाची आहे, किती काळात घडते, कुठे वळते, एवढंच बोलायचं. मग प्रत्येकाने लक्ष उडालं ती एक ओळ दाखवायची. सहा बोटं एकाच ओळीवर पडली तर तिथे काम आहे. एकच पडलं तर सोडून द्या.

मराठी कथेत हमखास दिसणारा दोष बघा: 'सकाळ झाली होती. आई ओट्याशी उभी होती. चहा उकळत होता. बाबांचा फोन आला नव्हता.' चारही वाक्यं एकाच जागी येऊन टेकतात. तुम्ही ती सुधारून देऊ नका, नाहीतर वर्षभरात सगळ्या वर्गाच्या कथा तुमच्यासारख्या वाटायला लागतील. होती-होता अधोरेखित करा आणि लिहिणाऱ्यालाच मोठ्याने वाचायला लावा. कानाला कळतं.

कच्च्या वाक्यांची लय तुमच्याही कानात राहते, म्हणून सकाळ स्वतःच्या कथेला द्या आणि विद्यार्थ्यांचं वाचन दुपारनंतर करा.

घर चालण्याचं म्हणाल तर नोकरी इतक्यात सोडू नका. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला पुस्तकं पुरत नाहीत. एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हा नेहमीचा रस्ता. २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद आणलं, आपापल्या क्षेत्रात मुरलेल्या माणसांनी शिकवावं म्हणून. त्यात साहित्यही येतं, पदवीची अट नाही, पण १५ वर्षांचा अनुभव लागतो आणि मुदत फार तर ३ वर्षं, अपवाद म्हणून ४.

राहिलं वेळापत्रक. दिवाळी अंकांसाठी कथा साधारण पावसाळ्यात द्याव्या लागतात. जून ते ऑगस्ट एकही तुकडी घेऊ नका. दिवाळी उरकली की फेब्रुवारीपर्यंत आठ-आठ आठवड्यांच्या दोन बसतात.