थीम अपडेट केली आणि केलेलं सगळं पुसलं गेलं!

प्रश्न: आमचा छोटा दिवाळी अंक आहे, वेबसाइट वर्डप्रेसवर, थीम ट्वेंटी ट्वेंटी-वन. यात लेखकाचं नाव आणि तारीख लेखाच्या पार तळाला येतं, आम्हाला ते शीर्षकाखालीच हवं होतं (आमचे लेखक आधी स्वतःचं नाव शोधतात, काय करणार!). ओळखीच्या एका मुलाने थीम फाइल एडिटरमधून ते करून दिलं, परवा थीम अपडेट केली आणि सगळं होतं तसं झालं. आता मीच करायला बसलोय तर सिंगल डॉट पीएचपी फाइलमध्ये शीर्षकाची ओळच सापडत नाही.
— एक संपादक, सांगली

उत्तर: मुलाचं कोडिंग बरोबर असणार, जागा चुकली. थीम अपडेट होते तेव्हा जुना फोल्डर जातो आणि त्याजागी नवा येतो, आत तुम्ही काय लिहून ठेवलंय ते कोणी बघत नाही. त्यामुळे मूळ थीमला हात लावायचाच नाही, तिची चाइल्ड थीम करायची, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली, फक्त तुमचे बदल ठेवणारी वेगळी छोटी थीम. डब्ल्यूपी-कंटेंटच्या आत थीम्स फोल्डर असतो, तिथे नवीन फोल्डर करा, त्यात स्टाइल डॉट सीएसएस नावाची फाइल आणि तिच्या वरच्या कॉमेंटमध्ये दोन ओळी, एक थीम नेम आणि दुसरी टेम्प्लेट. या दुसऱ्या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं लागतं, म्हणजे ट्वेंटीट्वेंटीवन, सगळं स्मॉल लिपीत, मध्ये स्पेस नाही. इथे एक अक्षर चुकलं तरी वर्डप्रेस म्हणणार की मूळ थीम सापडत नाही.

आता शीर्षक कुठे गेलं ते. सिंगल डॉट पीएचपी फाइल फक्त हमालीचं काम करते, ती गेट टेम्प्लेट पार्ट या फंक्शनने दुसरी फाइल बोलावते आणि खरा मजकूर तिथे असतो: टेम्प्लेट-पार्ट्स फोल्डर, त्यात कंटेंट फोल्डर, त्यात कंटेंट-सिंगल डॉट पीएचपी. ही एकच फाइल कॉपी करा आणि चाइल्ड थीममध्ये अगदी त्याच फोल्डरांच्या रचनेत ठेवा. वर्डप्रेस आधी चाइल्डमध्ये शोधतं, सापडली नाही तरच मूळ थीमकडे जातं. कॉपी केलेल्या फाइलमध्ये द टायटल असलेली ओळ दिसेल, तिच्या खाली तुमची नाव-तारखेची ओळ टाका.

नावासाठी थीमचं तयार पोस्टेड बाय फंक्शन वापरायचा मोह होईल, पण त्यात एक गंमत आहे. ज्या लेखकाच्या प्रोफाइलमध्ये परिचय भरलेला असेल त्याचं नाव ते फंक्शन छापतच नाही, कारण त्याची परिचयाची चौकट खाली येणारच असते. म्हणजे निम्म्या लेखकांची नावं येणार, निम्म्यांची गायब, आणि मग फोन तुम्हाला येणार. त्यापेक्षा सरळ गेट द ऑथर वापरा आणि छापताना ते एस्केप एचटीएमएल फंक्शनमधून काढा, म्हणजे नावातलं एखादं चिन्ह चुकून कोड म्हणून चालणार नाही. तारखेला गेट द डेट घ्या, द डेट नको. एका पानावर एकाच दिवसाचे बरेच लेख असले तर द डेट पहिल्यालाच तारीख लावतं, आणि दिवाळी अंकाचे सगळे लेख तर एकाच दिवशी टाकता ना तुम्ही.

तळातली जुनी तारीख काढायला त्याच कॉपी केलेल्या फाइलच्या फुटरमधली (तळच्या भागातली) एंट्री मेटा फुटरवाली ओळ उडवा, पण तिच्यासोबत कॅटेगरी आणि टॅगही जातात, हवे असतील तर ते वेगळे लिहा.

चाइल्डची स्टाइल फाइल या थीममध्ये आपोआप लोड होत नाही, चाइल्डच्या फंक्शन्स डॉट पीएचपी फाइलमधून ती एन्क्यू करावी लागते, म्हणजे ती लोड कर असं वर्डप्रेसला सांगावं लागतं. मूळची फंक्शन्स फाइल मात्र कॉपी करू नका, दोन्ही चालतात, आधी चाइल्डची मग मूळची. आणि सीएसएस लिहायला बसलाच आहात तर शीर्षकाला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते.

चाइल्ड थीम चालू केल्यावर लोगो, रंग, ॲडिशनल सीएसएस गेल्यासारखं वाटेल, घाबरू नका, हे सगळं प्रत्येक थीमचं वेगळं साठवलं जातं, परत सेट करा. एक तोटा राहतोच: पुढे मूळ थीमवाल्यांनी तुम्ही कॉपी केलेल्या फाइलमध्ये काही दुरुस्ती केली तर तुमची कॉपी जुनीच राहणार. म्हणून लागेल तेवढीच फाइल कॉपी करायची, अख्खी थीम नाही.

प्रश्न: माझी ब्लॉक थीम आहे (वर्डप्रेसच्या साइट एडिटरमधून पानांची रचना बदलता येते ती). टेम्प्लेट्स फोल्डरमधल्या सिंगल डॉट एचटीएमएल फाइलमध्ये बदल करतेय, साइटवर ढिम्म काही दिसत नाही. कॅशे दहादा साफ केला.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कॅशेचा दोष नसावा. तुम्ही कधीतरी साइट एडिटरमधून तेच टेम्प्लेट बदलून सेव्ह केलं असणार. तो बदल फाइलमध्ये जात नाही, डेटाबेसमध्ये बसतो, आणि डेटाबेसमधली कॉपी असली की फाइलला कोणी विचारत नाही. साइट एडिटरमध्ये टेम्प्लेटची यादी उघडा, त्या टेम्प्लेटच्या तीन टिंबांच्या मेनूत रीसेट असेल, ते केलं की फाइल दिसायला लागेल. त्याआधी एडिटरमधला कोड कॉपी करून ठेवा हां, रीसेटने तिथलं काम जातं. उलट तिथलेच बदल फाइलमध्ये आणायचे असतील तर क्रिएट ब्लॉक थीम नावाचं प्लगइन आहे, ते चाइल्ड थीमही बनवून देतं.