गावात आरओ आहे, मग पीएचडी कशाला?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. तुमची शेती दर्यापूर तालुक्यात, मुलगी अमरावतीला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या प्रकल्पात तिने मेम्ब्रेनच्या (म्हणजे क्षार निवडून सोडणाऱ्या पातळ पडद्याच्या) दोन चकत्या आणि एक बॅटरी जोडून खारं पाणी कमी खारं करून दाखवलं, आणि तेव्हापासून एम.एस्सी. करून याच विषयात पीएचडी करायची असा हट्ट धरला आहे. घरच्यांचं मत बी.एड.कडे. आणि तुमचा प्रश्न, तुमच्याच शब्दांत: "गावात आरओ हाये, मंग पाण्याचं फिल्टर बनवाले पाच वर्सं कायले पायजेत?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्याच विहिरीतून देतो. तुम्ही खारपाणपट्ट्यातले, त्यामुळे मला फार समजावावं लागणार नाही. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारं; पिकाला दिलं की दोन-चार वर्षांत जमीन चोपण होते. याचं मुख्य कारण पाण्यातलं सोडियम. ते चिकणमातीच्या कणांना सुटं करतं, मग पाणी मुरत नाही आणि वरून पापुद्रा धरतो. चोपण जमिनीत आपण जिप्सम टाकतो ते त्यातल्या कॅल्शियमसाठी. म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच वाईट नसतं. सोडियम नको असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम हवं असतं.

आता गावातला आरओ काय करतो? दाब देऊन पाणी पडद्यापार ढकलतो आणि क्षार बहुतेक सगळे मागे ठेवतो, सोडियमही आणि कॅल्शियमही. त्या पाण्यावर शेती करायची तर काढून टाकलेलं कॅल्शियम पुन्हा विकत आणून घालावं लागेल. शिवाय मागे उरलेलं जास्त खारं पाणी नालीत जातं, ते तुम्ही रोज पाहताच.

तुमच्या मुलीने केलं ते याच्या उलट आहे. तिच्या प्रयोगात पाणी जागेवर राहतं आणि विजेच्या ओढीने क्षार बाहेर निघतात. पाण्यात क्षार विरघळले की त्यांचे विद्युत प्रभार असलेले कण होतात, त्यांना आयन म्हणतात. एका जातीच्या मेम्ब्रेनमधून फक्त धन आयन जातात, दुसरीतून फक्त ऋण. या पद्धतीला इलेक्ट्रोडायलिसिस म्हणतात. समुद्राचं पाणी गोडं करायला ती महाग पडते, पण विहिरीच्या मध्यम खाऱ्या पाण्याला आरओशी टक्कर देऊ शकते.

खरी गंमत पुढे आहे. सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही धन आयन, दोघांनाही एकाच दारातून जायचंय. एकाला सोडायचं आणि दुसऱ्याला अडवायचं कसं? कॅल्शियमवर दुप्पट प्रभार असतो. मेम्ब्रेनच्या अंगावर धन प्रभाराचा अगदी पातळ थर चढवला, तर तो कॅल्शियमला जास्त जोराने मागे लोटतो आणि सोडियम त्या मानाने सहज निसटतं. ही कल्पना कागदावरची नाही. जपानने 1972 पासून खाण्याचं मीठ मिठागरांऐवजी समुद्राच्या पाण्यातून अशाच निवडक मेम्ब्रेन वापरून काढायला सुरुवात केली.

मग संशोधनाला उरलं काय? पुष्कळ. थर जाड केला की निवड चांगली होते, पण विजेचं बिल वाढतं. पातळ केला तर लवकर झिजतो. आणि प्रभार सारखाच असेल तर अडचण आणखी वाढते. लिथियम आणि सोडियम दोघांवर एकच प्रभार. फ्लोराइड आणि क्लोराइडचंही तेच. फ्लोराइड आपल्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतं, म्हणून क्लोराइड आधी निघून जातं आणि काढायचं फ्लोराइड मागे राहतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांना विचारा, हा प्रश्न किती जवळचा आहे ते. पाच वर्षं लागतात ती यासाठी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, म्हणजे उद्या तुम्ही मला बोल लावणार नाही. कापूस-हरभऱ्याच्या शेताला हे तंत्र आज परवडणारं नाही. मुलगी पीएचडी करून येईल आणि विहीर गोडी करील, अशी आशा धरून तिला पाठवू नका.

आता पोटापाण्याचं. 'आयन-एक्स्चेंज मेम्ब्रेन तज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. पण हेच ज्ञान वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. कॉस्टिक सोड्याचे कारखाने आज मेम्ब्रेन सेलवर चालतात. औषध कंपन्यांना अतिशुद्ध पाणी लागतं, तिथे मेम्ब्रेन आणि रेझिन (आयन धरून ठेवणारे बारीक मणी) एकत्र वापरतात. पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची आयन एक्स्चेंज या कंपन्या याच धंद्यात आहेत. आणि पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोलायझरचं काळीज म्हणजेही बऱ्याचदा अशीच मेम्ब्रेन. केंद्राने 2023 मध्ये हरित हायड्रोजनसाठी 19,744 कोटी रुपयांचं अभियान मंजूर केलं, तेव्हापासून या बाजूची विचारणा माझ्याकडेही वाढली आहे. म्हणून तिला माझा पहिला सल्ला: स्वतःला 'पाणीवाली' म्हणवून घेऊ नकोस, 'मेम्ब्रेनवाली' हो. पाणी हा तिच्या विद्येचा एक उपयोग झाला.

पीएचडीचा निर्णय आज घेऊच नका. आज प्रश्न फक्त एम.एस्सी.चा आहे आणि एम.एस्सी.ने बी.एड.चं दार बंद होत नाही. आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश देणारी जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात. त्याशिवाय मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), पुणे विद्यापीठ आणि घराजवळचं अमरावती विद्यापीठ आहेच. कुठेही गेली तरी फिजिकल किंवा पॉलिमर केमिस्ट्री घेऊ दे. ऑरगॅनिककडे सगळे पळतात कारण औषध कंपन्यांत नोकऱ्या आहेत, तेही खोटं नाही. पण हिचा रस्ता विद्युत-रसायनाचा आहे. बी.एस्सी.ला तिने गणित घेतलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आत्तापासून कॅल्क्युलस पक्कं करायला सांगा. आयन मेम्ब्रेनमधून कसे जातात याचं सगळं गणित त्यावरच उभं आहे आणि चांगल्या मुली नेमक्या तिथे अडतात.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिने भावनगरच्या केंद्रीय नमक व समुद्री रसायन संशोधन संस्थेला लिहावं. 1954 साली सुरू झालेली ही सरकारी प्रयोगशाळा. मिठापासून सुरुवात करून ती मेम्ब्रेनपर्यंत आली आणि या विषयात देशात तिचं नाव पहिल्या फळीत घेतलं जातं. तिथे काही महिने स्वतःच्या हाताने मेम्ब्रेन ओतून, वाळवून, फाटलेली पाहून झाली की हट्ट खरा होता का हौस होती, ते तिचं तिलाच कळेल.

खर्चाची काळजी तुम्ही दोनदा लिहिली आहे. पीएचडीला वडिलांनी पैसे भरायचे नसतात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000, शिवाय घरभाडं. वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सवलतही आहे. मात्र हे पैसे कधीकधी महिनोन्महिने रखडतात, तेवढी गाठ घरात हवी. आणि जेआरएफ सोपी नाही. दोन-तीन प्रयत्नांची मर्यादा आधीच ठरवा, ती तिच्यासमोर बोला, आणि मग त्या काळात लग्नाचा विषय काढू नका. (तुम्ही लिहिलं नाहीत, पण बी.एड.च्या आग्रहामागे तो असतो, हे मी वीस वर्षं ऐकतोय.)

गाइड निवडताना एकच प्रश्न विचारायला सांगा: "सर, मेम्ब्रेन तुमच्याच प्रयोगशाळेत बनते की विकत आणता?" माझ्या एका विद्यार्थ्याने हे विचारलं नाही. मेम्ब्रेन बनवायचं यंत्र येणार, येणार म्हणत त्याची दोन वर्षं गेली.

तोवर तिला घरबसल्या एक काम द्या. तुमच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल काढून त्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आकडे वेगवेगळे घ्यायला सांगा, नुसता टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र आकडा, नको. नमुना उन्हाळ्यात घ्यावा, पावसाचं पाणी मिसळण्याआधी. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग तोंडोतोंड भरायची. आकडे आले की मलाही कळवा.