डोळ्यांचं विचारा : ठिपक्यांतला आकडा दिसत नाही, आता पुढे काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही दौंडचे. मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय आणि लहानपणापासून त्याचं एकच, लोको पायलट म्हणजे रेल्वेचा ड्रायव्हर व्हायचं. आता सरांच्या लक्षात आलं की हा लाल नि हिरव्या वायरमधे गोंधळतो, म्हणून चष्म्याच्या दुकानात ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं तर पहिला आकडा बरोबर आणि पुढचे बरेच चुकले. माझे वडीलसुद्धा टोमॅटो पिकलाय का ते दाबूनच बघायचे. सासूबाई रोज ऐकवतात, आमच्याकडे असलं कुणाला नाही. मित्र म्हणतो पानं पाठ कर, नाहीतर तो रंग दिसायचा म्हणून विकतात तो स्पेशल चष्मा मागव. अकॅडमीची फी भरायची वेळ आलीय, काय करू? – एक आई

उत्तर : ताई, फी आत्ता भरू नका, आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. दुकानात पिवळ्या बल्बखाली जुनं, रंग उडालेलं पुस्तक दाखवलं असेल तर त्यावर पोराचं करिअर ठरवायचं नसतं. त्या पुस्तकाला इशिहारा म्हणतात, जपानच्या डॉक्टर इशिहारांनी 1917 मधे काढलेलं, आणि ते नीट बघायचं म्हणजे दिवसाच्या उजेडात, साधारण 75 सेंटिमीटरवरून, एका पानाला तीनेक सेकंद, बोट न फिरवता. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो, समोरच्याला टेस्ट कळलीय का एवढंच बघायला तो ठेवलाय, त्यामुळे तो बरोबर आला यात काही विशेष नाही. पुढच्या पानावर आपल्याला 8 दिसतो तिथे लाल-हिरव्याचा दोष, म्हणजे रंगांधळेपणा, असणाऱ्याला 3 दिसतो. म्हणजे तो काय चुकतो यावरून बरंच कळतं, त्यामुळे घरून पढवून पाठवू नका, जे दिसेल ते सांगू दे.

इशिहारामधे फक्त लाल-हिरव्याचा दोष पकडला जातो आणि तो किती आहे हे त्यावरून नीट कळत नाही. म्हणून डी-15 टेस्ट पण मागा, सगळीकडे नसते, मोठ्या आय हॉस्पिटलला किंवा मेडिकल कॉलेजला विचारा. त्यात रंगीत टोपणं असतात, पहिलं ठरलेलं आणि त्याच्या शेजारी उरलेली 15 रंगाच्या क्रमाने लावायची, सौम्य दोषवाला बहुतेक नीट लावतो आणि जास्त असेल तर क्रम पार उलटसुलट होतो. दुखत नाही, सुई नाही. फक्त बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी रंगाची टेस्ट करून घ्या, आणि नंबरचा चष्मा असेल तर तो घालून, पण रंगीत काचेचा नको.

आता लोको पायलटचं. असिस्टंट लोको पायलटला मेडिकल ए-वन, म्हणजे रेल्वेची सगळ्यात कडक कॅटेगरी, लागतं आणि त्यात रंगाची सूट नाही, दोष पक्का निघाला तर ते दार बंद आहे, हे मी गोड करून सांगणार नाही. पानं पाठ करून उपयोग नाही, कारण पानं उलटसुलट विचारतात आणि रेल्वेत कंदिलाची टेस्टपण असते, अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून रंगीत दिवा दाखवतात, तिथे पाठ काय करणार? स्पेशल चष्मा काही रंगांमधला फरक थोडा ठळक करतो पण डोळ्यात नसलेलं काही आणत नाही, आणि मेडिकलला तो काढायलाच लावतात. रेल्वे एवढी कडक का, तर 1875 मधे स्वीडनमधे दोन गाड्यांची टक्कर झाली तेव्हा होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाला संशय आला की सिग्नलचा रंगच कुणाला कळला नसेल, आणि त्याने रेल्वेवाल्यांना लोकरीच्या रंगीत लड्या निवडायला लावून तपासायला सुरुवात केली.

पण रेल्वे म्हणजे फक्त इंजिन नाही. सी-वन, सी-टू मेडिकलच्या पोस्टना रंगदृष्टीची अट नसते, जाहिरातीत प्रत्येक पोस्टपुढे मेडिकल कॅटेगरी लिहिलेली असते, तो कॉलम आधी वाचायचा आणि मग फॉर्म भरायचा. ड्रायव्हिंग लायसन्सला 2020 पासून सौम्य ते मध्यम दोष चालतो. आपल्या पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमधे तर 2022 मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा दोष असणाऱ्यांना सगळ्या कोर्सना घ्या. इलेक्ट्रिशियनचं मात्र रिपोर्ट घेऊन सरांशी मोकळेपणाने बोला, कारण आपल्याकडे जुन्या वायरिंगमधे लाल म्हणजे फेज नि हिरवी म्हणजे अर्थिंग, तिथे अंदाज चालत नाही, टेस्टर आणि वायरवरचे नंबर याचीच सवय लावावी लागेल.

सासूबाईंचं म्हणाल तर हा दोष एक्स क्रोमोसोमवरून येतो आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. तुमच्या वडिलांना खरंच हा दोष असेल तर त्यांचा तो एक्स तुमच्याकडे आलाच, तुम्हाला रंग नीट दिसत असले तरी. प्रत्येक मुलाला फिफ्टी-फिफ्टी चान्स. यात तुम्ही काही केलं नाही आणि टाळूही शकला नसता, तेव्हा घरात हा विषय बंद करा.

प्रश्न : बाबांना टीबीच्या गोळ्या चालू आहेत, दोन महिने झाले. आता म्हणतात लाल रंग मळल्यासारखा दिसतो आणि पेपर वाचायला त्रास होतो. वयामुळे असेल का? – वाचक, सोलापूर

उत्तर : वय म्हणून सोडू नका, आजच गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्यांमधे इथॅम्ब्युटॉल असतं, त्याने काही जणांच्या डोळ्याच्या नसेला त्रास होतो आणि रंग फिके दिसणं हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. वेळेत ते औषध थांबवलं तर बऱ्याच जणांची नजर हळूहळू सुधारते, उशीर झाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. पण सगळा कोर्स स्वतःच्या मनाने बंद करू नका, कुठली गोळी काढायची ते डॉक्टर ठरवतील. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या, आणि रंगाची टेस्ट एकेक डोळा झाकून करायला सांगा, कारण दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो.