चार आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन दोन दिवसांत बडोदा कसे पाहावे?

पहिला दिवस पूर्णपणे सयाजीबागेला द्यावा, असे माझे इथल्या वास्तव्यावरून झालेले मत आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1879 मध्ये उभारलेल्या या बागेला बडोदेकर आजही कमाटीबागच म्हणतात. प्राणिसंग्रहालय, मुलांची छोटी आगगाडी आणि वस्तुसंग्रहालय एकाच आवारात असल्यामुळे रिक्षात वारंवार चढण्या-उतरण्याची दगदग वाचते. प्राणी सकाळीच पाहून घ्यावेत आणि ऊन चढले की वस्तुसंग्रहालयात शिरावे. तिथल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर आमची धाकटी इतकी रमली, की शेजारच्या दालनातली इजिप्शियन ममी पाहायला तिला अक्षरशः ओढून न्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीविलास राजवाडा पाहावा. मात्र दरबार हॉलमध्ये मुले लवकर कंटाळतात, म्हणून तासाभरात बाहेर पडणे शहाणपणाचे. परतताना दांडिया बाजारात थांबून मुलांना शेव-उसळ द्यायची असेल, तर तर्री वेगळी मागून घ्यावी.

चांपानेर-पावागढ सुमारे 50 किलोमीटरवर असले, तरी एवढ्या लहान मुलांसह या खेपेला ते वगळावे.